शेवटच्या गाण्याची राखण

माझ्या आत्याचं ‘श्शऽऽ’ ज्याने एकदा ऐकलं तो ते जन्मात विसरत नाही. ते मोठं नसतं, हे आधीच सांगते. उलट चांगलं बारीक असतं, पण इतकं नेमकं लागतं की पुढच्या रांगेतला माणूस आलेला खोकला अर्ध्यावर गिळतो. एकदा गाण्याच्या कार्यक्रमात मागच्या एका गृहस्थांनी वेफर्सची पिशवी फोडली. आत्याने मान न वळवता ‘श्शऽऽ’ केलं. त्या बिचाऱ्यांनी ती फोडलेली पिशवी कार्यक्रम संपेपर्यंत मांडीवर तशीच धरून ठेवली, दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतल्यासारखी.

आत्याचं चष्म्याचं दुकान आहे. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, वाकलेल्या काड्या सरळ करायच्या, नाकावरचे पॅड बदलायचे, हे सगळं ती स्वतः करते, आणि करताना तोंडातून शब्द काढत नाही. गिऱ्हाइकानेही काढलेला तिला चालत नाही. तिच्या पर्समध्ये कंगवा नसेल एक वेळ, पण बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर असतोच असतो. लग्न तिने केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, “शेजारच्या खुर्चीत बसून बोलणारा माणूस मला झेपला नसता.” बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांना तिने लहानपणी सायकल शिकवली, पोहायला शिकवलं आणि गप्प बसायला शिकवलं. त्यातलं तिसरं बाबांना सगळ्यात चांगलं जमलं.

दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असतं. त्या दिवशी दुपारी शटर अर्धं वर करून आत बैठक भरायची. आत्या काउंटरमागे, बाबा डोळे तपासायच्या उंच खुर्चीत, आणि अक्षरांच्या तक्त्याखालच्या बाकावर टाळीकाका आणि घाईमॅडम. टाळीकाका लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त आहेत. गाणं संपलं असं त्यांना नेहमी जरा लवकर वाटतं, म्हणून ते नाव पडलं. घाईमॅडम शाळेत भूगोल शिकवतात. पार्किंगमधल्या गर्दीत अडकायला नको म्हणून त्या शेवटच्या गाण्याआधी उठायच्या. ती सवय आत्याने मोडून काढली, नाव मात्र राहिलं. हे चौघंही एकाच गायिकेचे वेडे. तिला आमच्या घरात नुसतं ‘बाई’ म्हणत. मीही तेवढंच म्हणणार आहे, कारण तिचं नाव तोंडी आणायची मला आता इच्छा राहिलेली नाही.

मी चहा द्यायच्या निमित्ताने तिथे बसायची. त्या बैठकीत जगातल्या सगळ्या प्रश्नांचा निकाल लागायचा.

“लोकांनी सोबत गायलं तर काय बिघडतं?” टाळीकाका सुरुवात करायचे. “तिकीट काढलंय, आनंद झालाय, गातायत.”

“तिकीट बाईंचं गाणं ऐकायला काढलंय,” आत्या म्हणायची. “शेजारच्या माणसाचं नाही. तुमचा आनंद माझ्या कानात कशाला?”

“मग हातवारे? हातवारे चालतील?”

“कोपर माझ्या खुर्चीत येत नसेल तर चालतील.”

सिनेमाचा विषय निघाला की टाळीकाका पेटायचे. हिरो पडद्यावर आला की शिट्टी वाजवलीच पाहिजे, नाहीतर तो तिथे वाऱ्यात उभा राहतो कशाला, असा त्यांचा सवाल असायचा. घाईमॅडमचा राग शेवट सांगून टाकणाऱ्या लोकांवर. स्वतः मात्र त्या शेवट आधी कुणाकडून तरी काढून घेतल्याशिवाय सिनेमाला जायच्या नाहीत, कारण मधेच कुणी मेलं तर त्यांना त्रास होतो. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांबद्दल मात्र चौघांचं एकमत होतं: परीक्षक फार रडतात.

आत्याचे नियम दोन. एक, सिनेमातलं शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. चहा देणाऱ्याचंसुद्धा नाव असतं त्यात, आणि त्याने काय पाप केलंय? दुसरा, चांगलं गाणं सिनेमात घालायचं नाही. “एकदा घातलं की संपलं,” ती म्हणायची. “पुढे जन्मभर ते गाणं ऐकताना तो दाढीवाला हात पसरून धावतच येतो. आपण ते कुणासोबत ऐकलं होतं, तेव्हा आपल्या मनात काय होतं, ते सगळं त्याच्या पायाखाली जातं.”

 बाबा यावर नुसते हसायचे आणि खुर्चीची उंची वरखाली करत बसायचे.

आता त्या गाण्याबद्दल सांगायला हवं. बाई कार्यक्रमाच्या शेवटी एक गाणं म्हणायच्या. वाद्यं थांबायची आणि पहिली ओळ त्या इतक्या हळू घ्यायच्या की सगळं सभागृह आपोआप पुढे झुकायचं. त्याआधी त्या प्रत्येक वेळी सांगायच्या, “हे गाणं मी कुठेही रेकॉर्ड केलेलं नाही आणि करणारही नाही. हे इथलंच आहे, इथेच राहू दे. फोन खाली ठेवा, एवढं माझ्यासाठी करा.” आणि लोक ठेवायचे. ते गाणं ऐकायचं तर यायलाच लागायचं. माझ्या आईबाबांनी ते लग्नाआधी, नुकतीच ओळख झालेली असताना, एकत्र ऐकलं होतं. आई सांगायची की त्या दिवशी बाबांनी पहिल्या ओळीला तिचा हात धरला आणि शेवटच्या ओळीला घाबरून सोडला.

तर एकदा काय झालं, ऐन मध्यंतरात बाईंच्या चष्म्याची काडी निखळली. कागदावरचं वाचता येईना. आयोजकांची धावपळ सुरू झाली. आत्या उठली, पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि कुणाला न विचारता पडद्यामागे गेली. काम मिनिटभराचं होतं. पण जाताना बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “तुमच्यासारखी माणसं समोर बसतात म्हणून मी ते शेवटचं गाणं म्हणू शकते. सांभाळा हं ते.”

संपलं. त्या दिवसापासून आत्या त्या गाण्याची राखणदार झाली. बाई कदाचित असं दहा जणांना म्हणत असतील, पण आत्याला हे कोण सांगणार? ती दर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत डावीकडच्या कोपऱ्यात बसायला लागली, म्हणजे मागे वळलं की सगळं सभागृह दिसावं. बाकीचे तिघं तिच्या शेजारी. त्यांच्या डोक्यावर छतातून एक बारीक काळा माइक लोंबायचा. टाळीकाका एकदा म्हणाले, “हा बहुतेक बंद पडलेला आहे, जुना असणार.” यंत्रातलं त्यांना कळतं म्हणून सगळ्यांनी ते मान्य केलं. शेवटच्या गाण्याला आत्या डोळ्यांत तेल घालून बसायची. कुठे उजेड दिसला की ‘श्शऽऽ’. तेवढ्याने भागलं नाही तर कार्यक्रमानंतर त्या माणसाला पायऱ्यांवर गाठायची आणि गोड बोलून त्याच्याच हाताने ते पुसायला लावायची. “आता पुसलेल्यांच्या फोल्डरमध्ये जा,” ती सांगायची. “तिथूनही पूस. शाब्बास.”

मी तिला यावरून खूप चिडवायची. मनातून मला तिचा अभिमान वाटायचा, हेही खरं.

मग आई आजारी पडली. पाठीच्या मणक्यातून सुरू झालं आणि पुढे कुठे कुठे गेलं ते मी सांगत बसत नाही. ती खाटेवरून उठू शकत नव्हती, एवढं पुरे. तिने फार मागण्या केल्या नाहीत. खिडकीचा पडदा उघडा ठेवा, उशी जरा उंच करा, असलंच काहीतरी मागायची. एक दिवस बाबा कार्यक्रमाला निघण्यासाठी शर्ट घालत होते तेव्हा ती म्हणाली, “ते गाणं मला परत एकदा ऐकायचं होतं हो.” बाबा बटणं लावता लावता म्हणाले, “आणतो.” एवढंच. बाजारातून काहीतरी आणतो म्हणावं तसं.

मी त्या संध्याकाळी आईजवळ थांबले होते. तिने माझ्याकडून केस विंचरून घेतले. गाणं घरी येणार म्हणून तिला नीट बसायचं होतं. मी पाठीमागे तीन उशा लावल्या. बाबा आले, बूट काढले, आत आले आणि म्हणाले, “फोनची बॅटरीच गेली गं.” आई म्हणाली, “असू दे.” मी उशा काढून घेतल्या.

खरं काय झालं ते मला फार उशिरा कळलं, टाळीकाकांकडून. बाबांनी शेवटच्या गाण्याला फोन गुडघ्यावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. आत्याने शेजारून उजेड पाहिला आणि ‘श्शऽऽ’ केलं. बाबांनी फोन पालथा केला, पण बंद केला नाही. कार्यक्रम संपल्यावर सभागृहाच्या पायऱ्यांवर, टाळीकाका आणि घाईमॅडमच्या देखत, आत्याने हात पुढे केला. “दे.” बाबांनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि फोन तिच्या हातात ठेवला. तिने पुसलं. मग पुसलेल्यांच्या फोल्डरमध्ये जाऊन तिथूनही पुसलं. दुसऱ्यांच्या हाताने पुसून घेणारी आत्या भावाच्या बाबतीत स्वतःच्या हाताने पुसून मोकळी झाली.

त्यानंतर आत्या घरी यायचं म्हणाली की बाबा ‘ती झोपलीय’ सांगून टाळायचे. पुढच्या महिन्यात आई गेली. ते गाणं तिने परत ऐकलं नाही.

आई गेल्यावर घरात जे भांडण झालं त्याचा मुद्दा एवढासाच होता, आणि त्याने आमचं घर फाडलं. आत्या म्हणायची, “मला काय माहीत ते कुणासाठी आहे? त्याने सांगायला नको? सांगितलं असतं तर मी स्वतः फोन धरला असता.” बाबा म्हणायचे, “मी सांगितलं होतं. तिथेच, हॉलमध्ये, शेजारी बसून सांगितलं होतं.” आत्या म्हणायची, “माझ्या डोळ्यांची शपथ, तो एक शब्द बोललेला नाही.” चष्मेवालीने डोळ्यांची शपथ घ्यावी म्हणजे आता पुढे बोलणंच खुंटलं. टाळीकाका आणि घाईमॅडम गाण्यात इतके बुडालेले होते की त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

“मग पायऱ्यांवर का नाही बोललात?” मी बाबांना विचारलं.

“एकदा सांगितलं होतं. ऐकूनही तिने हात पुढे केला. आता काय बहिणीसमोर चारचौघांत भीक मागायची?”

मी आत्याला विचारलं, “बाबा खोटं बोलतील का गं?”

“मग मी बोलते?” ती म्हणाली.

बाबांनी दुकानात जाणं सोडलं. ती डोळे तपासायची खुर्ची बैठकीच्या दिवशी रिकामी राहायची आणि टाळीकाकांनाही तिच्यात बसायचा धीर व्हायचा नाही. मी दोन्हीकडे जायची, दोन्हीकडे चहा प्यायची आणि दोन्हीकडे चिडून परत यायची. दोघांपैकी एकजण आईच्या बाबतीत खोटं बोलतोय, आणि तो माझ्या सगळ्यात जवळच्या दोन माणसांपैकी एक आहे, हे घेऊन जगणं सोपं नसतं. मी बाबांवर विश्वास ठेवायचा असं ठरवलं होतं. पण आत्या समोर बसून एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या कानामागची काडी हळूच वाकवून देताना दिसली की ते ठरवलेलं डळमळायचं.

अशी काही वर्षं गेली. आणि मग एक दिवस सकाळी, दुकान उघडायच्या आधीच, घाईमॅडम शटरवर थाप मारत आल्या. त्या दिवशी बैठक नव्हती, म्हणजे खरंच घाईचं काम होतं. “ऐकलंत का? शेवटचं गाणं सिनेमात येतंय.”

आत्या हसली. “कुणीतरी उठवलं असेल. दुसरं कुठलं तरी गाणं असेल.”

“पोस्टरवर लिहिलंय. मोठ्या अक्षरांत.”

“मग चोरलं असेल त्यांनी. बाई कोर्टात जातील.”

“गाणं त्यांचं आहे,” टाळीकाका नंतर म्हणाले, “मर्जी त्यांची. पोट त्यांनाही आहे. आपण कोण?”

“आपण कोण?” आत्या म्हणाली, आणि मला तिचा आवाज ओळखू आला नाही. “काका, मी लोकांच्या हातातले फोन काढून घेतलेत.”

तरी तिने आशा सोडली नव्हती. ती बाईंच्या तोंडून ऐकायला थांबली होती. ते ऐकणं आम्ही दोघींनी मिळून केलं, दुकानात, माझ्या फोनवर. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं की हे गाणं तर कधीच रेकॉर्ड होणार नव्हतं ना? बाई छान हसल्या. म्हणाल्या, “तसं आम्ही सांगायचो. त्याने एक वातावरण तयार होतं. पण आमचा साउंडवाला हुशार, त्याने पहिल्यापासून प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवला होता. माझ्या सांगण्यावरूनच. त्यातला एक आम्ही निवडलाय. स्टुडिओत ते आलंच नसतं हो. त्यात प्रेक्षकांचा श्वास ऐकू येतो.”

आत्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाली, “परत लाव.”

मी परत लावलं.

“माझ्या सांगण्यावरूनच,” ती म्हणाली. “सांभाळा म्हणाली होती गं मला. हात धरून म्हणाली होती.”

मी तिला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं, त्या दिवशीही ती रडली नाही. तिने काउंटरवर मांडलेला चष्म्याच्या काड्यांचा ट्रे आत नेऊन ठेवला, परत आणला, परत नेला. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी तेव्हा बघितलं. ज्या माइकखाली बसून ती लोकांना गप्प करत होती तो चालू होता. तिने सभागृह शांत ठेवलं म्हणून त्यांचं रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. फुकटची चौकीदार मिळाली होती त्यांना, स्वतःचं तिकीट काढून येणारी. मला इतका राग आला की मी बाईंना वाटेल ते बोलले. आत्याने मला थांबवलं नाही, आणि हेच फार वाईट लक्षण होतं.

सिनेमा लागल्यावर तीच म्हणाली, “चल. बघून येऊ.”

“कशाला?”

“कुणाच्या पायाखाली गेलं ते तरी बघू.”

आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. मागे कुणीतरी फोनवर फ्रीजच्या दुरुस्तीबद्दल बोलत होतं. पुढच्या रांगेतला एकजण हिरोच्या आधी हिरोचं वाक्य म्हणत होता. मी आत्याकडे बघत राहिले, आता करेल, मग करेल. तिने काही केलं नाही. ती हात मांडीवर ठेवून सगळं सहन करत बसली होती. सिनेमा होता तसा होता. दाढीवाला धावला, वाऱ्यात उभा राहिला, टाळीकाका असते तर त्यांनी दोनदा शिट्टी वाजवली असती. पण गाणं काही येईना. सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली, दिवे लागले, लोक उठले. आणि तेव्हा ते आलं. नावांच्या खाली, लोक पिशव्या शोधत असताना, खुर्च्या खाडखाड मिटत असताना.

आम्ही अर्थातच उठलो नाही. शेवटचं नाव जाईपर्यंत हलायचं नाही, हा नियम मी पाळण्यातच वाढले आहे. सभागृह जवळजवळ रिकामं झालं, आणि म्हणूनच सगळं स्वच्छ ऐकू आलं. आधी नुसती शांतता, जुन्या सभागृहातली, शेकडो माणसं बसलेली. बाईंनी पहिली ओळ घेतली. ती इतकी सुंदर होती की मला माझाच राग आला. ओळ संपली, बाई श्वास घ्यायला थांबल्या, आणि त्या थांबण्यात, अगदी जवळून, एक पुरुषाचा हळू आवाज आला.

“ताई, अगं घरी तिला...”

“श्शऽऽ.”

मग दुसरी ओळ.

आवाज बाबांचा होता. आणि ते ‘श्शऽऽ’ कुणाचं होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी आत्याकडे बघितलं नाही. मला बघवेना. गाणं पुढे चालू राहिलं, नावं वर जात राहिली. साउंडवाल्याने श्वासाबरोबर तेवढंही ठेवलं होतं, खरेपणा म्हणून असेल. तो माझ्या बाबांचा आवाज आहे, तो एवढं बोलून थांबला म्हणून माझी आई तीन उशांना टेकून वाट बघत राहिली, हे त्याला कुठून कळणार? दोघांपैकी कुणीच खोटं बोललं नव्हतं. बाबांनी सांगायला सुरुवात केली होती. आत्याने ते ऐकलंच नव्हतं, कारण ती ‘श्शऽऽ’ करत होती.

पडदा पांढरा झाला तरी आत्या बसून होती. मग म्हणाली, “त्याच्याकडे जाऊ.”

आत्या आमच्या दाराशी आली ती आईच्या नंतर पहिल्यांदाच. बाबांनी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाले. ती आत येऊन नेहमीच्या खुर्चीत बसली नाही. आईच्या रिकाम्या खाटेच्या कडेला टेकली.

“तू बोलला होतास,” ती म्हणाली.

“हो.”

“मी तुला पुरं बोलू दिलं नाही.”

“नाही.”

“मला ऐकू आलं नव्हतं रे. खरंच नव्हतं आलं. आज आलं.” तिने सिनेमाचं सगळं सांगितलं. माइक, मुलाखत, नावं, तो आवाज. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटलं आता त्यांचा बांध फुटेल, ते ओरडतील, निदान एकदा तरी म्हणतील की मी सांगत होतो ना.  पण पुढे आत्याच म्हणाली, “त्या बाईने मला फसवलं. आणि मी तिच्यासाठी तुझ्या बायकोचं गाणं पुसलं. तू तिला सांगितलं असशील, मी पुसलं म्हणून.”

“नाही,” बाबा म्हणाले. “बॅटरी गेली म्हणून सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही.”

आत्याने तोंडावर हात धरला.

“तिने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं होतं,” बाबा म्हणाले. ते आता आत्याशी बोलत होते की त्या खाटेशी, मला कळेना. “म्हणाली, फोन राहू दे. वन्संना बोलवा. त्यांना पाठ असेल. त्या म्हणतील माझ्यासाठी.”

“मग?” आत्याने विचारलं. तिचा आवाज फार बारीक झाला होता. “मग का नाही बोलावलंस? मी आले असते. मी धावत आले असते.”

“मला तुझा राग होता.”

“महिनाभर होती ती.”

“हो,” बाबा म्हणाले. “महिनाभर विचारत होती, आम्ही दोघंच असलो की. मी सांगायचो, ताईला दुकानात काम आहे.”

मी दारात उभी होते. इतकी वर्षं मी ठरवत होते की दोघांपैकी खोटं कोण बोललं. खोटं बोलले होते ते माझे बाबा, फक्त ते भलत्याच ठिकाणी, भलत्याच माणसाशी बोलले होते. आईचं गाणं दोन बस थांबे पलीकडे, चष्म्याच्या दुकानात, सबंध पाठ होऊन बसलेलं होतं. त्याला फोन लागत नव्हता, परवानगी लागत नव्हती. नुसती हाक मारायची होती. मला त्या क्षणी दोघांपैकी कुणाचंही तोंड बघायची इच्छा नव्हती.

आत्याने खाटेवरच्या चादरीची सुरकुती हाताने सरळ केली. खिडकीचा पडदा उघडाच होता. ती थोडी सावरून बसली, डोळे मिटले, आणि मला कळलं ती काय करणार आहे. तिने पहिली ओळ घेतली, अगदी हळू, बाई घेत तशीच. तिचा आवाज इतका चांगला आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती कधी कुणासोबत गायलीच नव्हती.

ओळ पुरी व्हायच्या आत बाबांनी हात वर केला.

“श्शऽऽ,” ते म्हणाले.

आत्या थांबली. मग बाबा पलीकडच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.